लाल फितीचं झाड

मेपलच्या सावलीत आर्लीनची होस्टाची, म्हणजे शोभेच्या रुंद पानांची, नव्वद झाडं होती. कुणाच्या पानांना पांढरा काठ, कुणाचं पोट पिवळं, सगळी हाताने रंगवल्यासारखी. अँब्युलन्समध्ये चढवताना तिने नवऱ्याला एवढंच सांगितलं, "वेंडल, लाल फितीचं झाड तेवढं बघ."

वेंडलने बघितलं. साध्या हिरव्या पानांवर पिवळे शिंतोडे उमटले होते. तीस वर्षं बागेत फक्त खुर्ची टाकून बसलेल्या माणसालाही कळलं, की ही नवीच जात आहे.

तीन आठवड्यांनी आर्लीनला बोलता आलं. "फितीचं झाड?"

"एकदम मजेत! बारा तुकडे करून तुझ्या होस्टा क्लबात वाटले. जातीचं नाव 'आर्लीन'! क्लबातल्या त्या मार्जरीचं तोंड बघायला हवं होतंस. आणि तुझी सुरी हातात होतीच, म्हणून एकाची दोन करत सगळी बाग दुप्पट केली. आता तू फक्त घरी ये."

"अरे, फीत मी जाळायच्या झाडाला बांधते! तो रोग आहे. सुरीवरून पसरतो, औषध नाही त्याला." आर्लीन कशीबशी कोपरावर उठली आणि तिने त्याचं मनगट धरलं. "नीट आठव. ते झाड सगळ्यात शेवटी कापलंस ना? शेवटी कापलं असशील तर बाकीची वाचतील."



"तुझ्या नावाचं झाड गं ते," वेंडल म्हणाला. "पहिला मान त्यालाच दिला."