शपथ सुटली

"गुन्हा कबूल आहे?" मॅजिस्ट्रेट बाईंनी विचारलं.

"हाय," प्रितेश म्हणाला आणि त्याने मागे वळून आईकडे पाहिलं.

कमळने मान हलवली. राहनाळच्या एका गोडाऊनचं गेट गावच्या पोरांनी 'आम्हाला कामावर घ्या' म्हणून अडवलं होतं. धक्काबुक्कीत म्हातारा वॉचमन रामनाथ पडला, कपाळाला खोक पडली. प्रितेश म्हणत होता, मी तिथे नव्हतोच. कमळचा त्याच्यावर देवापेक्षा जास्त विश्वास. पण शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि इथे तर त्या पायऱ्या झिजवायची पाळी आलेली. शेवटी गावचे महादू पाटील म्हणाले, "कबूल करून टाका, वहिनी. किरकोळ कलमं हायेत. दंड भरला की पोरगा सुटला."

पोरगा ऐकेना. तेव्हा तिने त्याचा हात ओढून आपल्या गळ्यावर ठेवला आणि शपथ घातली. गळ्याची शपथ मोडली तर आई मरते, हे त्यांच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या दिवसापासून प्रितेश घरात धड बोलत नव्हता.

"घाई करू नकोस," मॅजिस्ट्रेट बाई म्हणाल्या. "कबुलीची नोंद राहते. पोलीस भरतीची तयारी करतोस ना? तिथे हे विचारतील. तुझ्यावर कुणी दबाव आणलाय का?"

 हे महादूंनी कमळला सांगितलंच नव्हतं! भरतीसाठी पोरगा रोज खाडीच्या बांधावर छाती फुटेस्तोवर धावायचा. आणि आपणच त्याच्या पायावर धोंडा पाडला.

"न्हाय, मॅडम," प्रितेश म्हणाला. "कुणाचा दबाव न्हाय."

ती उभी राहिली. शिपाई 'खाली बसा, खाली बसा' करत राहिला.

"सुटली रे, शपथ सुटली!" ती ओरडली. "मॅडम, माझा पोरगा तिथं नव्हताच. मीच त्याला गळ्याची शपथ घातली. पाप माझं हाय, त्याचं न्हाय!"

 मॅजिस्ट्रेट बाईंनी पेन खाली ठेवलं.

"हे खरं आहे?"

कमळ पदराने डोळे पुसत होती. उशिरा का होईना, पोर वाचलं होतं. प्रितेशने या वेळी मागे वळून पाहिलं नाही.

"शपथ घातलेली, ते खरं हाय, मॅडम. ती आता सुटली," तो म्हणाला. "रामनाथबाबांना मीच ढकललं."