यादीतली पत्नी

बंदुकीच्या दस्त्याने राजदूत कारखानीसांचे दोन दात पडले, तरी त्यांनी एमिलचा हात सोडला नाही. वकिलातीच्या फाटकावरचे दोन्ही पहारेकरी रक्ताच्या थारोळ्यात होते.

"राजदूताला मारायचा हुकूम नाही," बंडवाला कर्नल म्हणाला. "पण लष्कराविरुद्ध लिहिणारा तुमचा हा यार आमच्याच देशाचा आहे. लावा रे याला भिंतीला."

"राजदूताच्या कुटुंबालाही हात लावता येत नाही," कारखानीस रक्त थुंकत म्हणाले. सैनिक खिदळले.

कारखानीसांनी टेबलावरची, कर्नलच्याच देशाच्या परराष्ट्र खात्याने काढलेली राजदूतांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची छापील यादी पुढे केली. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी एमिलचं नाव कुटुंबात घाला म्हणून उघड अर्ज केला, तेव्हा खात्याच्या सचिवाने थट्टेने त्या नावापुढे 'पत्नी' छापून यादी सगळ्या वकिलातींत वाटली होती. कारखानीसांनी तक्रार केली नाही. यादी मात्र जपली.

"सही वाचा, कर्नल."

खोटं वाटेल, पण सही बंडवाल्यांनी आज सकाळीच राष्ट्राध्यक्ष केलेल्या गृहस्थांची होती. तेच ते सचिव. कर्नलने ती तीनदा वाचली आणि पिस्तूल खाली केलं.

"बाईसाहेबांना विमानतळावर सोडा," तो सैनिकांवर खेकसला.

बाईसाहेबांनी आधी वाकून नवऱ्याचे दोन्ही दात उचलले आणि खिशात टाकले.