कोकणातलं ताट

सकाळी गणपतीपुळ्याचा समुद्र, दुपारी सुरमईचं ताट, संध्याकाळी किनाऱ्यावरचा सजवलेला उंट. सहा दिवस ज्योती आणि कल्याण कोकणात फिरत होते, चापून खात होते. निदान ज्योतीच्या स्टेटसवर तरी. प्रत्यक्षात दोघं नगर जिल्ह्यातच, काष्टीजवळच्या एका वस्तीवर, कांद्याच्या चाळीमागच्या खोलीत आतून कडी लावून बसले होते. लग्न झाल्यावर जोडपी फिरायला जातात. हे जोडपं लपायला आलं होतं.

ज्योती पुणतांब्याची. घरची बागायत, घरचा मान. कल्याण टेम्पोवाला आणि दुसऱ्या जातीचा. लग्नाचं कळलं त्या दिवशी थोरल्या भावानं, बजरंगनं, फोनवर एवढंच सांगितलं होतं, "घावशीला तिथं दोघास्नी गाडीन." बजरंग उगाच बोलणारा माणूस नव्हता. वकील म्हणाले होते, सोमवारपर्यंत दम धरा, कोर्टातून पोलीस संरक्षणाचा कागद निघेल. आज गुरुवार होता.

समुद्राची युक्ती कल्याणची. त्याचा मित्र पार्थ पर्यटकांची गाडी घेऊन कोकणात गेला होता. तो रोज फोटो पाठवायचा, ज्योती ते स्टेटसला टाकायची, आणि बजरंग दोन चुलतभावांना घेऊन त्या फोटोंच्या मागे धावायचा. तो हर्णैला पोचला की हे गुहागरला. तो गुहागरला पोचला की हे गणपतीपुळ्याला.

आज मात्र बजरंगचा मेसेज आला. "समुद्र दिसतो, ताट दिसतं. तू कुठं दिसंना? संध्याकाळपत्तर तुझा फोटो आला न्हाई तर माघारी फिरतो आन् नगर जिल्ह्यातली एकेक वस्ती हुडकतो."

चेहऱ्यामागे समुद्र कुठून आणायचा? पण हात दाखवता येत होता. ज्योतीच्या उजव्या मनगटावर लहानपणी दूध सांडून भाजल्याचा डाग होता. तो बजरंगच्या ओळखीचा होता.

वस्तीची मालकीण केशरबाई बाजारातून मासा घेऊन आली. धरणातला रोहू, पण तळल्यावर कोण ओळखतंय? सोलकढीसाठी ताकात बीट पिळलं. कल्याणनं सवयीनं ताटात बाजरीची भाकरी ठेवली, तर ज्योतीनं ती झटकन उचलली. "अवो, कोकनात बाजरी कुठली? भात वाढा." डाव्या हातानं ओढणी नाकाला घट्ट लावून तिनं उजवा हात ताटात ठेवला. कल्याणनं फोटो काढला. ताट, मासा, भात, गुलाबी वाटी, हातावरचा डाग. फोटो झकास आला होता. लगेच स्टेटसला टाकला.

अर्ध्या तासानं केशरबाई भांडी न्यायला आली. "माझं ताट तेवढं जपा गं. लग्नाकार्याला गेलं तरी माघारी येतं, नाव घातलंय त्येच्यावर."

ज्योतीनं ताट फिरवलं. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं, सौ. केशरबाई वाल्मिक, काष्टी.

तिनं फोन घेतला, फोटो मोठा केला. काठावरचं प्रत्येक अक्षर वाचता येत होतं. बाजरीची भाकरी लपवली आणि गावाचं नाव जगाला दाखवलं! तिनं लगेच फोटो काढून टाकला. त्याआधी मात्र तो कुणी कुणी पाहिला ते बघितलं. बजरंगनं पाहिला नव्हता, तो घाटात कुठेतरी असावा. पाहणारं एकच नाव होतं. आई.

आईचा फोन म्हणजे सगळ्या घराचा फोन. वडील, अजिनाथ, दिवसभर त्यावर बाजारभाव बघत बसायचे. बजरंगच्या गाडीत डिझेल त्यांनीच भरून दिलं होतं. आई चौथीपर्यंत शिकलेली, वडिलांच्या पुढे कधी शब्द न काढलेली. फोटो कुणी पाहिला असेल, याचा विचारच नको वाटत होता.

"निघू या," कल्याण म्हणाला. पण निघणार कुठे? टेम्पोचा नंबर बजरंगच्या सगळ्या माणसांना पाठ होता. पायी जावं तर बाहेर मैलभर नुसतं उघडं रान. रस्त्यावरून मोटारसायकल गेली तरी दोघं श्वास रोखून धरत होते. कल्याणनं कोपऱ्यातलं खोरं हाताशी घेतलं आणि दाराला पाठ लावून बसला. मरायची भीती ज्योतीला वाटतच होती, पण याला आपल्यासमोर मारतील, याची जास्त वाटत होती.

फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, आई.

"नको उचलू," कल्याण पुटपुटला. पण नाही उचलला तर घरची माणसं निघालीत की नाही, हे तरी कसं कळणार? तिनं फोन कानाला लावला.

पलीकडून आईचा आवाज आला, अगदी हळू, गोठ्यातून बोलत असावी. मागे गाय हंबरत होती.

"मासा खाल्लास व्हय गं?"

ज्योतीनं फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"लहानपनापासनं माशाच्या वासानं वकारी येती तुला. पयल्याच दिवशी कळलं हुतं मला, तू काय समुद्रावर न्हाईस."

"आई, बजरंगदादाला..."

"त्यो बी इचारीत हुता, ही मासं कवा खायला लागली म्हनून. म्या म्हनलं, तिला लई आवडत्यात, तू घरात कवा बघितलंस ती काय खाती? जा, तिकडंच हुडक." आई थांबली. कुणी येत नाही ना, ते बघत असावी. मग घाईनं म्हणाली, "तुझ्या बापानं फोन घ्यायच्या आत तू फोटो काढून टाकलास, बरं झालं. आता दुसरा टाक. आन् ह्या बारीला केळीच्या पानावर वाढ."