हयातीचा फोटो
जिवंत असणं ही स्वयंसिद्ध गोष्ट आहे. पेन्शनवाल्यांना मात्र ती दरवर्षी मोबाइलसमोर पापण्या मिचकावून सिद्ध करावी लागते. आज शेवटची तारीख होती आणि पोलीस खात्यातले निवृत्त फोटोग्राफर डोळे टक्क उघडे ठेवून बसले होते. "बाबा, मिचकावा ना!" सून पुन्हा कळवळली. "डोळे मिटले की फोटो वाया. जन्मभर लोकांवर ओरडलोय त्यासाठी. मयतं तेवढी शहाणी, कधी पापणी हलवली नाही." "मोबाइल तुम्हालाही त्यांच्यातच धरतोय!" त्यांनी प्रयत्न केला, पण समोर कॅमेरा दिसला की पापणी हलेना. शेवटी बायको आतून आली. "पेन्शन थांबली तर माझ्या गोळ्या काय तुमच्या कलेवर आणायच्या?" म्हणत तिनं ओला टॉवेल त्यांच्या नाकासमोर झटकला. हयातीचा दाखला लगेच आला. सुनेनं तो उघडून दाखवला. फोटोत त्यांचे डोळे मिटलेले होते.