नुसती रीड

ओबो वाजवणाऱ्या पोरीची पाळी आली आणि नेमकी तेव्हाच तिची रीड चिरली.

शाळेचा हॉल गच्च भरला होता. सतरंज्यांवर मांडी ठोकून बसलेली मुलं, भिंतीशी उभ्या त्यांच्या बाई, आणि समोर चार खुर्च्यांवर वाद्यवृंदातले चौघं. फुंकून वाजवायच्या लाकडी वाद्यांची ओळख करून द्यायला आले होते. बोलायचं काम काकूंकडे होतं. त्या स्वतः बसून वाजवायच्या, म्हणजे ते धुराड्यासारखं उंच वाद्य. "ह्याचं नाव बसून," असं त्यांनी सांगितल्याबरोबर मागून कुणीतरी विचारलं होतं, "उभं राहून नाही वाजत?" त्यावर काकूही हसल्या होत्या.

बासरी झाली. ती चकचकीत धातूची असली तरी पूर्वी लाकडाचीच असायची, म्हणून घराणं तेच, हे मुलांनी कसंबसं मान्य केलं. क्लॅरिनेट झालं. क्लॅरिनेटवाल्याने एका दमात तळापासून शेंड्यापर्यंत सूर नेला आणि लालबुंद तोंडाने टाळ्या घेतल्या.

आता सगळे ओबोकडे बघत होते, आणि पोरगी हातातल्या रीडकडे. बोरूच्या दोन पातळ पात्या, दोऱ्याने एकत्र बांधलेल्या. ओबोच्या टोकाला ही बसवायची आणि ओठांत धरून फुंकायचं. ही गेली की ओबो म्हणजे नुसती काठी. बसूनलाही अशीच रीड लागते, पण ती मोठी, तिचा इथे उपयोग नाही.

"दुसरी नाही?" काकूंनी हळूच विचारलं.

पोरीने मान हलवली. "सर करून द्यायचे ना. माझ्या हातच्या अजून वाजतच नाहीत, काकू."

सर म्हणजे काकूंचे यजमान. वाद्यवृंदातली ओबोची खुर्ची आधी त्यांचीच. थंडीत ते गेले, आणि वाद्यवृंदाने ती त्यांच्या ह्या शिष्येला दिली.

क्लॅरिनेटवाला पुढे वाकला. "वहिनी, मी सांगतो मुलांना, ओबोला आज सर्दी झालीय. तुम्ही पुढे चला."

काकूंनी लक्ष दिलं नाही. "ओबोचा आवाज," त्या मुलांना म्हणाल्या, "म्हणजे बघा..." आणि अडल्या. बासरीसाठी त्यांना पाखरू सापडलं होतं, क्लॅरिनेटसाठी मांजर. ओबोसाठी काही सापडेना.

"रडका असतो?" पुढच्या रांगेतल्या एका मुलीने मदत केली.

"नाही गं."

"मग चिडका?"

"तसाही नाही." काकूंनी पायाशी ठेवलेल्या पेटीकडे पाहिलं. "सांगून नाही कळायचं, बाळ."

त्या खाली वाकल्या. बसूनच्या पेटीतल्या कप्प्यात एक लाकडी डबी असायची. ती तिथे आहे हे बाकी तिघांनाही ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे असं कुणी चुकूनही दाखवत नसे. डबीत एकच रीड होती, लाल दोऱ्याची. सरांनी केलेली शेवटची.

"नको, काकू," पोरगी घाबरलीच. "मी वाजवली तर संपेल ती."

"आणि ठेवली तर? वाळतेच आहे की."

रीड आधी ओली करावी लागते, कोरडी फुंकली तर तडकते. पोरीने पाण्याची चिमुकली बाटली पुढे केली. काकूंनी ती पाहिली, आणि रीड स्वतःच्याच ओठांत धरली.

हॉलमध्ये चुळबूळ सुरू झाली. बाईंनी दटावलं. क्लॅरिनेटवाला आधीच स्वच्छ असलेलं क्लॅरिनेट पुन्हा पुसत बसला. आत्ता आपण इथे नसतो तर बरं झालं असतं, असं त्याला झालं. काकू समोरच्या खिडकीकडे बघत होत्या. मग त्यांनी रीड काढून पोरीच्या तळहातावर ठेवली. पोरीने ती पुसली नाही.

ओबोत बसवण्याआधी रीड नुसतीच फुंकून बघायची, हा ओबोवाल्यांचा शिरस्ता. पोरीने फुंकली.

क्र्यँक!

"बदक! बदक!" मुलं लोळायचीच काय ती बाकी राहिली.

काकूंच्या घरात कित्येक वर्षं दिवस ह्याच आवाजाने उजाडायचा. चहाच्याही आधी सर खिडकीशी बसून रीड तासायचे, फुंकायचे, पुन्हा तासायचे. आणि स्वयंपाकघरातून काकू रोज ओरडायच्या, "अहो, पुरे करा की आता!" प्रेमाबिमाने नाही, खरोखर वैतागून.

पोरगी रीड ओबोत बसवू लागली.

"थांब," काकू म्हणाल्या. "पुन्हा वाजव. नुसतीच."

"काकू, जुनी आहे हो. धून वाजवेपर्यंत तरी टिकायला हवी."

"नाही टिकली तर नाही टिकली. वाजव."

पोरीने डोळे मिटले आणि फुंकली. तोच फाटका, हटवादी आवाज. मुलं पुन्हा खिदळली, ह्या वेळी त्यांच्या बाईसुद्धा हसल्या.

काकूंनी आपलं बसून दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

"अहो," त्या म्हणाल्या.

पुढचं त्यांनी म्हटलं नाही.