दोन राजांचं नाव

पहिल्या नातवाला आजोबांचंच नाव द्यायचं, ही आमच्या स्पार्टातली रीत. माझे सासरे अगिसिलाओस. जुन्या दोन राजांचं नाव! मी मात्र बाप्तिस्म्यात नाव पुकारणाऱ्या धर्ममातेला गुपचूप 'पेत्रोस' सांगून ठेवलं होतं. सासऱ्यांना कळलं तर? माझा जीव टांगणीला.

बाप्तिस्म्याला आई चर्चबाहेर थांबते. आतून पोरं धावत येऊन तिला नाव सांगतात. पहिल्याला नाणं मिळतं.

दार धाडकन उघडलं. काठी टाकून, पोरांना कोपरानं ढकलत सासरेच धावत आले.

"पेत्रोस! पेत्रोस!" ते धापा टाकत ओरडले. "सुटला गं पोरी, नातू सुटला! शाळेपासून ते दोन्ही राजे माझ्या मानगुटीवर बसलेत. आण, नाणं आण!"