शंभर मीटर

वस्तीवरची जुनी बारव वाचवायला बिरदेव आप्पांनी नऊ वर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. चोरांनी दगड नेऊ नयेत म्हणून बारवेच्या काठालाच दोन खोल्या बांधून ते बायको गीताबाईंसकट राखणीला राहिले. शेजारच्या वाइनरीवाल्यानं पाहुण्यांच्या खोल्या द्राक्षबागेतून बारवेकडं सरकवत आणल्या, तेव्हा तर आप्पा इरेलाच पेटले.

अखेर बारव संरक्षित झाली. शंभर मीटरच्या आतलं सगळं बांधकाम पाडायचा हुकूम घेऊन साहेब मोजणीला आले. टेपचं टोक आप्पांनी हौसेनं स्वतःच धरलं आणि म्हाताऱ्या पायांनी वेलींमधून वाइनरीकडं पळत सुटले.

"ताणून धरा साहेब, एक बोटबी सोडू नका! आज त्याची जिरलीच पायजे!"

शंभर मीटरचा टेप वाइनरीच्या भिंतीच्या चार पावलं अलीकडं संपला. साहेबांनी जवळ येऊन उरलेलं अंतर पाहिलं.

"त्यांचं बाहेर राहिलं, आप्पा," ते म्हणाले, आणि खुणेच्या लाल रंगाचा डबा घेऊन माघारी वळले.



आतून गीताबाई सगळ्यांसाठी चहा घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्या दारावरची लाल फुली अजून ओली होती.